देणगी एकदा दिली, पाकिटं येतच राहिली

सांगलीला मावशीकडे गेले की तिच्या लिहायच्या टेबलाचा खालचा खण मी एकदा उघडून बघते. गेल्या दिवाळीत तो उघडेना. जोर लावला तेव्हा आत अडकलेल्या पाकिटांचा एक गठ्ठाच बाहेर आला. बहुतेक खिडकीची पाकिटं, खिडकीतून मावशीचं नाव डोकावणारी. एकात मुलांनी काढलेल्या चित्रांची दहा शुभेच्छापत्रं, एकात किचेन, दोन टेबल कॅलेंडरं, आणि एका देवस्थानाकडून आलेली अंगाऱ्याची पुडी, सोबत देणगीचा फॉर्म. प्रत्येक आवाहनपत्रावर कुणा ना कुणा मुलाचा फोटो. मावशीनं यातलं एकही फेकलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "फोटोतल्या पोरीला कचऱ्यात कशी टाकू गं?"

मावशी निवृत्त शिक्षिका. तीन वर्षांपूर्वी तिनं एका संस्थेला मुलींच्या शिक्षणासाठी ११०० रुपये दिले. तेवढंच. त्यानंतर पाकिटं सुरू झाली, मग फोन. फोनवरची मुलगी गोड बोलते, "आई, जेवलात का?" असं विचारते, आणि दोन मिनिटांत एखाद्या आजारी बाळाची हकीकत सुरू होते. नाही म्हणणं मावशीला जमत नाही. "आता हे शेवटचं" म्हणत तिनं त्या वर्षात आणखी तीनदा पैसे दिले आणि फोन वाढले.

ते का वाढले हे मला ठाऊक आहे, कारण मी सहा वर्षं पुण्यातल्या एका संस्थेत देणगीदारांच्या नोंदी ठेवायचं काम केलं आहे. काम चांगलं होतं, संस्थाही चांगली होती, तरी आमच्याकडूनही अशी पत्रं जात. म्हणून पलीकडच्या बाजूला नेमकं काय घडतं आणि ते कुठे थांबवता येतं, हे दोन्ही सांगते.

नाव यादीत जातं तेव्हा

अनोळखी माणसाकडून पहिली देणगी मिळवणं फार खर्चाचं असतं. शेकडो पत्रं पाठवावी तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक पैसे पाठवतात. ज्यानं एकदा दिले तो पुन्हा देण्याची शक्यता मात्र कितीतरी जास्त. त्यामुळे पहिल्या देणगीबरोबरच तुमच्या नावाला किंमत येते. देणगीदारांच्या यादीत नाव, पत्ता, फोन यांच्यापुढे तीन रकाने महत्त्वाचे असतात: शेवटचे पैसे कधी दिले, किती वेळा दिले, किती दिले. पुढचं पत्र कुणाला जाणार, फोन कुणाला आधी लागणार आणि फॉर्मवर कोणती रक्कम आधीच छापून येणार, हे या तीन रकान्यांवरून ठरतं. जगभर हीच पद्धत आहे.

आता मावशीची नोंद बघा. पिच्छा सुटावा म्हणून दिलेले पैसे त्या रकान्यांत "पुन्हा दिले, नुकतेच दिले" असेच दिसतात. मनातली कुरकुर नोंदीत उमटत नाही. एका वर्षात चार वेळा देणारी मावशी यादीत अगदी वर जाऊन बसली. त्यामुळे कटकट नको म्हणून थोडे देऊन टाकणं हा सगळ्यात उलटा पडणारा उपाय आहे. गप्प बसण्याचाही फार उपयोग नाही. पत्राला उत्तर आलं नाही तर नोंद होते "प्रतिसाद नाही", आणि असं नाव दोन-तीन वर्षं सहज यादीत राहतं. तुमचं "नको" जोवर कुणीतरी टाइप करत नाही, तोवर संस्थेच्या लेखी ते अस्तित्वातच नसतं.

नाव एका संस्थेकडून दुसरीकडे कसं जातं, हे लोक मला नेहमी विचारतात. दर वेळी कुणी यादी विकलेली असते असं नाही. बऱ्याच संस्था फोनचं काम बाहेरच्या एजन्सीला देतात, आणि तीच एजन्सी आणखी चार संस्थांसाठी फोन करत असते. मॉलमध्ये किंवा मेट्रो स्टेशनबाहेर टॅबलेट घेऊन उभी असलेली मुलंही पुष्कळदा संस्थेची नसून एजन्सीची असतात. ऑनलाइन मदतनिधीची तऱ्हा वेगळी. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून तुम्ही एखाद्या रुग्णाला ५०० रुपये देता. तुम्हाला वाटतं आपण त्या कुटुंबाला पैसे दिले, पण तुमचा नंबर आणि ईमेल राहतो तो लिंक चालवणाऱ्या कंपनीकडे. पुढच्या महिन्यात दुसऱ्या रुग्णाची हकीकत येते ती त्या कंपनीकडून. रुग्णाच्या घरच्यांचा त्यात काही दोष नसतो.

याद्या विकल्या जातात हेही खरं आहे. ब्रिटनमध्ये याची मोठी चौकशी झाली. २०१५ मध्ये ब्रिस्टलमधल्या ९२ वर्षांच्या एका बाईंच्या मृत्यूनंतर कळलं की त्यांच्याकडे देणगी मागणाऱ्या पत्रांचा पूर लोटला होता. मृत्यूचं कारण पत्रं नव्हती असं कुटुंबानं स्पष्ट सांगितलं, पण पत्रांचा प्रश्न उघड्यावर आला. त्यांचं नाव ९९ संस्थांच्या यादीत सापडलं, आणि त्यांतल्या अनेकांना ते दुसऱ्या कुणाकडून मिळालेलं होतं. पुढे २०१६ आणि २०१७ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी, म्हणजे लोकांच्या खासगी माहितीच्या वापरावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, एकूण १३ संस्थांना दंड केला. देणगीदारांची माहिती एकमेकींना देणं, त्यांची सांपत्तिक स्थिती गुपचूप तपासून घेणं, असे आरोप होते. त्यात नावाजलेल्या संस्थाही होत्या.

"नाव पुसा" म्हणू नका

इथे बहुतेक जण चुकतात. चिडून लिहितात, "माझी सगळी माहिती ताबडतोब काढून टाका." दोन कारणांनी हे चालत नाही.

पहिलं कारण कायद्याचं. करसवलतीची पावती देणाऱ्या संस्थेला २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता आणि पॅन किंवा दुसरं ओळखपत्र आयकर खात्याला कळवावं लागतं. संस्थेनं वर्षाचं विवरण भरल्यावरच तुमचं देणगी प्रमाणपत्र निघतं आणि तुमची वजावट त्याच्याशी ताडून पाहिली जाते. शिवाय धर्मादाय संस्थांना देणगीदारांच्या नोंदी १० वर्षं जपून ठेवाव्या लागतात. त्यामुळे हिशेबाच्या वहीतून नाव पुसा म्हटलं तर संस्था ते करू शकत नाही, आणि "शक्य नाही" एवढं उत्तर देऊन मोकळी होते.

दुसरं कारण मला कामावर रुजू झाल्यावर महिनाभरात कळलं. एका आजोबांच्या मागणीवरून आम्ही पत्रव्यवहाराच्या यादीतून त्यांचं नाव खरोखर पुसलं. चार महिन्यांनी एका कार्यक्रमातल्या नोंदवहीवरून तेच नाव, तोच पत्ता नव्यानं यादीत चढला आणि आजोबांना पुन्हा पत्र गेलं. त्यांना वाटलं आम्ही थट्टा केली. झालं होतं इतकंच की त्यांनी नको म्हटल्याची खूणच आमच्याकडे उरली नव्हती. त्यानंतर आम्ही "संपर्क नको" अशी वेगळी यादी ठेवायला लागलो. कुठूनही नवं नाव आलं की आधी या यादीशी ताडून बघायचं.

म्हणून मागायचं ते असं: माझी हिशेबाची नोंद राहू द्या, पण माझं नाव "संपर्क नको" यादीत टाका.

मावशीसाठी मी लिहिलेलं पत्र जसंच्या तसं देते. नाव, नंबर बदलून कुणीही वापरावं.

"सप्रेम नमस्कार. मी आपल्या संस्थेला यापूर्वी देणगी दिली आहे. माझा देणगीदार क्रमांक अमुक आहे. यापुढे देणगीच्या आवाहनासाठी मला टपाल, फोन, एसएमएस, व्हॉट्सअॅप व ईमेल यांपैकी कोणत्याही मार्गानं संपर्क करू नये. त्यासाठी पूर्वी दिलेली संमती मी मागे घेत आहे. माझं नाव संपर्क नको असलेल्यांच्या यादीत नोंदवावं. आपल्या वतीनं फोन करणाऱ्या एजन्सीलाही तसं कळवावं आणि माझी माहिती इतर कोणाला देऊ नये. दिली असल्यास कोणाला दिली ते कळवावं. हिशेबासाठी कायद्यानं आवश्यक तेवढी नोंद ठेवण्यास माझी हरकत नाही. ही नोंद केल्याचं लेखी उत्तर मिळावं."

देणगीदार क्रमांक कुठे सापडेल? पाकिटावर तुमच्या नावाच्या वर किंवा फॉर्मच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काही आकडे छापलेले असतात. लोक त्याकडे बघतही नाहीत. कार्यालयात बसलेल्या माणसाला मात्र त्या आकड्यांवरून तुमची नोंद अर्ध्या मिनिटात सापडते. नुसत्या नावावरून शोधलं तर यादीत "कुलकर्णी सुनंदा" चार निघतात, आणि भलत्याच बाईचं पत्र बंद होतं. मावशीच्या खणात तर एकाच संस्थेची दोन वेगळ्या क्रमांकांची पाकिटं होती. एकदा नाव "सौ." लावून चढलं होतं, एकदा "श्रीमती". पत्रात दोन्ही क्रमांक घातले.

हे पत्र ईमेलनं पाठवलं तर चांगलं, कारण तारखेसह पुरावा राहतो. पाकिटाचा फोटो सोबत जोडा. पत्रं गठ्ठ्यानं छापली जातात आणि पाठवायच्या यादीची प्रत कितीतरी आठवडे आधी छापखान्यात गेलेली असते. म्हणून पुढचे दोन-तीन महिने एखाद-दुसरं पाकीट येऊ शकतं. त्यापुढेही आलं तर पहिल्याच ईमेलला उत्तर म्हणून पुन्हा लिहा, नवा मजकूर तयार करत बसू नका. आमच्याकडे अशी तक्रार थेट विश्वस्तांपुढे जायची, कारण ती टाळण्याजोगी चूक होती.

फोन, एसएमएस, व्हॉट्सअॅप

फोनसाठी दूरसंचार नियामकाची डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब) सोय आहे, जाहिरातीचे फोन आणि एसएमएस बंद करण्याची. १९०९ वर फोन करून किंवा एसएमएस पाठवून ती लावता येते. यात एक खाचखळगा आहे. डीएनडीमध्ये तुम्ही काही प्रकार निवडून बंद करू शकता, पण ते प्रकार आठ: बँक-विमा, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू व वाहनं, दूरसंचार-मनोरंजन-आयटी, पर्यटन आणि खाद्यपदार्थ. देणगी असा प्रकारच यात नाही. त्यामुळे निवडक डीएनडी लावून देणगीचे फोन नेमके बंद करता येत नाहीत. पूर्ण डीएनडी लावायची असेल तर १९०९ वर इंग्रजी अक्षरांत "स्टार्ट", मध्ये जागा सोडून शून्य, असा एसएमएस पाठवा. बँकेचे ओटीपी आणि व्यवहाराचे संदेश त्यानं बंद होत नाहीत, ही भीती बऱ्याच ज्येष्ठांना असते म्हणून मुद्दाम सांगते.

दुसरी गोष्ट, देणगीचा फॉर्म भरताना "मला माहिती पाठवत राहा" या चौकोनात खूण केली असेल तर ती तुमची संमती धरली जाते, आणि अशी स्पष्ट संमती डीएनडीच्या वर ठरते. म्हणून डीएनडी लावूनही फोन येतात. आधी संमती मागे घ्यायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदलले तेव्हापासून जाहिरातीच्या एसएमएसमध्येच तो बंद करण्याची सोय द्यावी लागते, आणि तुम्ही बंद केल्यावर ९० दिवस पुन्हा संमती मागता येत नाही. पाठवणाऱ्याच्या नावाला शेवटी पी अक्षर असेल तर तो संदेश जाहिरातीचा.

साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून प्रचाराचे फोन करायला मनाई आहे, त्यासाठी १४० नं सुरू होणारे नंबर दिलेले आहेत. साध्या नंबरवरून फोन आला तर तुमची डीएनडी नोंद नसली तरी तक्रार करता येते. आता त्यासाठी ७ दिवसांची मुदत आहे, पूर्वी ती ३ दिवसांची होती. नंबर, तारीख आणि बोलणं काय झालं ते एका ओळीत, एवढं १९०९ ला किंवा नियामकाच्या डीएनडी अॅपवर कळवायचं. मावशीच्या फोनवर मी ते अॅप टाकलं आहे. तक्रार तीच करते, शिक्षिकेच्या नेटकेपणानं, तारीख-वेळेसकट.

पण फोन उचलल्यावर काय बोलायचं? मला वाटतं मावशीसारख्यांची खरी अडचण इथेच आहे. समोरच्या मुलीला दिवसाचं ठरलेलं लक्ष्य असतं आणि हातात संभाषणाचा कागद असतो. "आत्ता जमणार नाही" म्हटलं की कागदावर पुढचा प्रश्न तयार: "मग कधी फोन करू?" "पेन्शन झाली नाही" म्हटलं की एक तारखेला फोन येतो. कारण सांगितलं की ते दूर करण्याचा मार्ग निघतो, म्हणून कारणच सांगायचं नाही. आम्ही मावशीच्या फोनशेजारी एक चिठ्ठी चिकटवली: "बाळ, मी फोनवर देणगी देत नाही. माझं नाव संपर्क नको यादीत टाक आणि तसं केलंस का ते सांग. नमस्कार." मग फोन ठेवायचा. "बाळ" हा शब्द मावशीनं घातला. तो असल्यामुळे तिला ते वाक्य बोलता येतं.

व्हॉट्सअॅपला डीएनडी लागू नाही. तिथे संदेश पाठवणाऱ्याला ब्लॉक करताना रिपोर्टही करा, नुसतं ब्लॉक केलं तर कंपनीला काही कळत नाही. ईमेल त्यातल्या त्यात सोपं. मोठ्या संख्येनं प्रचाराचे ईमेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोय द्यावी, अशी सक्ती जीमेल आणि याहूनं २०२४ पासून केली आहे. आणि पुढच्या वेळी ईमेल देताना एक युक्ती करा: जीमेलच्या पत्त्यात ॲट चिन्हाच्या आधी अधिक चिन्ह टाकून संस्थेचं आद्याक्षर लिहा. मेल तुमच्याच खात्यात येते, आणि उद्या तोच पत्ता दुसऱ्या कुणी वापरला तर माहिती कुठून फुटली ते समजतं. पावतीवरच्या नावात मात्र असा बदल करू नका, ते पॅनशी जुळावं लागतं.

एक तपासणी आजच करा. मॉलमधल्या मुलानं टॅबलेटवर फॉर्म भरून घेतला असेल तर ती एकदाची देणगी होती की दर महिन्याची? यूपीआय अॅपमध्ये "ऑटोपे" असं पान असतं, तिथे चालू असलेल्या वर्गण्या दिसतात आणि तिथूनच रद्द करता येतात. थेट बँक खात्यातून दर महिन्याला पैसे कापण्याची परवानगी (मँडेट) दिली असेल तर ती रद्द करायला नेट बँकिंग किंवा शाखेत लेखी अर्ज. कार्डावरून हप्ता कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण ती एसएमएसच्या गर्दीत हरवते.

टपाल

टपालासाठी आपल्याकडे डीएनडीसारखी यादी नाही. संस्थेला लिहिणं हाच मुख्य मार्ग. न उघडलेलं पाकीट तुम्ही नाकारू शकता. त्यावर "घेण्यास नकार" लिहून सही करायची आणि पोस्टमनच्या हातात द्यायचं. बुक पोस्टनं आलेलं साधं छापील टपाल पाठवणाऱ्याकडे पोहोचेलच असं नाही, म्हणून नुसत्या नकारावर विसंबू नका.

पाकिटातल्या भेटींबद्दल मावशीशी माझं बराच वेळ बोलणं झालं. कुणाकडून काही घेतलं तर परत काही दिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. शेजारणीचा डबासुद्धा ती रिकामा परत करत नाही. नेमक्या याच संस्कारावर ती शुभेच्छापत्रं आणि किचेन बेतलेली असतात. भेट आधी पोचली की देणाऱ्यांची संख्या वाढते, हे पत्र पाठवणाऱ्यांना अनुभवानं पक्कं माहीत असतं. पण आपण न मागता, संस्थेनं आपणहून भेट म्हणून पाठवलेल्या वस्तूचे पैसे देण्याचं कोणतंही बंधन आपल्यावर नाही. ती वापरा, कुणाला द्या, टाकून द्या. मावशीनं शेवटी शुभेच्छापत्रं शेजारच्या शाळेत दिली. अंगारा तुळशीत घातला. फोटो मात्र तिनं कात्रीनं कापून ठेवून घेतले, मी काही बोलले नाही.

नवा कायदा काय देतो

डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. नागरिकांच्या हक्कांच्या बहुतेक तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत. सेवाभावी संस्थांना यातून सरसकट सूट नाही. कागदावर भरलेला फॉर्म नंतर संगणकात चढवला तरी तो यात येतो. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असलं पाहिजे, हे यातलं माझ्या मते सगळ्यात मोलाचं कलम. आज एका टिचकीत संमती घेतात आणि मागे घ्यायला मात्र "कार्यालयीन वेळेत फोन करा" असं सांगतात. ते यापुढे चालू नये. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मागता येईल, म्हणजे मराठीतही. तक्रार आधी संस्थेकडे, तिनं ९० दिवसांच्या आत ती निकाली काढायची, समाधान झालं नाही तर माहिती संरक्षण मंडळाकडे. वरच्या पत्रात "संमती मागे घेत आहे" हे शब्द मी आतापासूनच घातले आहेत ते यासाठी.

काही फोन मुळात संस्थेचे नसतातच. एकदा देणगीदार म्हणून नंबर फिरायला लागला की भामट्यांच्याही हाती पडतो. फोनवर नाव सांगितलेल्या संस्थेचा नोंदणी क्रमांक मागा. महाराष्ट्रातला सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, आणि नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर संस्थांची नावं सगळ्यांना बघता येतात. संशयास्पद फोन संचार साथी पोर्टलवरच्या चक्षू या सोयीत कळवा. पैसे गेलेच असतील तर क्षणही न दवडता १९३० ला फोन करा.

मुलं परदेशात असणाऱ्यांसाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये २०१७ पासून एक सरळ सोय आहे. तिथल्या देणगी नियामकाच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव निवडून तिचा सगळा संपर्क बंद करता येतो, आणि घरच्या वृद्ध माणसाच्या वतीनंही ते करता येतं. आपल्याकडे असं काही व्हावं असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेतल्या "डू नॉट कॉल" यादीतून धर्मादाय संस्था वगळलेल्या आहेत, त्यामुळे तिथे यादीत नंबर घालूनही देणगीचे फोन येतात. संस्थेनं पैसे देऊन नेमलेल्या एजन्सीचा फोन असेल तर "या संस्थेसाठी पुन्हा फोन करू नका" असं सांगायचं. ते पाळणं त्या एजन्सीवर बंधनकारक आहे.

काकांच्या नावाचं पाकीट

गठ्ठ्याच्या तळाशी एक पाकीट वेगळं ठेवलेलं होतं. ते काकांच्या नावानं आलेलं होतं. काका जाऊन पाच वर्षं झाली. कधीतरी त्यांनी एका संस्थेला पैसे दिले असणार. दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाच्या महिन्यात संस्थेचं शुभेच्छापत्र येतं, "आपणास दीर्घायुष्य लाभो" असं छापलेलं. मावशी ते उघडते, वाचते आणि खणात ठेवते.

अशा वेळी संस्थेला दोन ओळींचं पत्र पुरतं: देणगीदार क्रमांक अमुक, या व्यक्तीचं निधन झालं आहे, कृपया सर्व पत्रव्यवहार थांबवावा. मृत्यूचा दाखला किंवा आधारची प्रत मागितली तर देऊ नका, पत्रव्यवहार थांबवायला तिची गरज नसते. आम्ही संस्थेत अशी नोंद त्याच दिवशी करायचो आणि घरच्यांना सांत्वनाचं एक पत्र हातानं लिहून पाठवायचो. पुढचं पाकीट आलंच तर त्यावर "मयत" लिहून परत द्यायचं.

गेल्या महिन्यात ते पुन्हा आलं, मी तिथेच होते. मावशीनं पेन घेतलं, टोपण काढलं, आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं. मी लिहिलं. पोस्टमन दारातच उभा होता. त्यानं अक्षर वाचलं, काकांचं नाव वाचलं, आणि म्हणाला, "सर गेले ते मला माहीत होतं बाई. तुम्ही घेता म्हणून देत होतो."